धार सोडू नका

खरं सांगा, गेम खेळायचा म्हणून बसलात आणि आख्खा वीकेंड तो गेम नुसता सजवण्यातच गेला, असं तुमच्यापैकी किती जणांचं झालंय? हात वर करा. लाजू नका, माझे दोन्ही हात वर आहेत.

जूनमधली गोष्ट. पाऊस नुकताच लागला होता, ऑफिसने दोन दिवस वर्क फ्रॉम होम दिलं होतं आणि मी लॅपटॉप उचलून भोरला घरी गेलो होतो. सोबत होता ‘मॉरोविंड’. २००२ चा गेम, म्हणजे आमच्या टीममधल्या फ्रेशर्सपेक्षा वयाने मोठा. सेलमध्ये एका पिझ्झ्यापेक्षा स्वस्तात मिळाला, तोही चक्क ओरिजिनल. एवढा जुना गेम आजच्या स्क्रीनवर बघवत नाही, म्हणून मग मॉड टाकायला घेतले.

मॉड म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्या भोरातली पोरं जुनी आरएक्स हंड्रेड घेतात आणि तिला नवा सायलेन्सर, नवी सीट, नवा दिवा, नवा रंग करत बसतात ना, तेच. फरक एवढाच, की इथे सुटे भाग फुकट मिळतात आणि ते जगभरातल्या अनोळखी लोकांनी रात्री जागून बनवलेले असतात. मॉरोविंडच्या कंपनीने, म्हणजे बेथेस्डाने, गेमच्या डब्यातच तो गेम बदलायचं सॉफ्टवेअर दिलं होतं. लोकांनी ते एवढं मनावर घेतलं, की ‘तॅम्रिएल रीबिल्ट’ नावाचा एक ग्रुप २००१ पासून, म्हणजे गेम बाजारात यायच्याही आधीपासून, त्या बेटाच्या शेजारची मुख्य भूमी बांधत बसलाय. अजून बांधतोयच. काही बहाद्दरांनी तर गेमचं आख्खं इंजिनच नव्याने लिहून काढलं. त्याचं नाव ‘ओपन एमडब्ल्यू’.

पहिल्या रात्री अडीचपर्यंत मी ७४ मॉड टाकले. चेहरे, कपडे, दगड, झाडं, पाणी, ढग. दुसऱ्या रात्री त्यातले दोन एकमेकांशी भांडायला लागले आणि बालमोरा गावातली निम्मी घरं जमिनीपासून हातभर वर तरंगायला लागली. ती खाली आणण्यात पहाट झाली. प्रत्यक्ष खेळलो किती? वीस मिनिटं.

‘‘एवढ्या रात्री काय काम चाललंय रे?’’ आईने विचारलं.

‘‘जुना गेम आहे. तो बेटाचा.’’

हे आतल्या खोलीत अप्पांनी ऐकलं. ते उठले, लोखंडी कपाट उघडलं, खालच्या खणात हात घालून बराच वेळ चाचपत राहिले आणि एक सुरळी घेऊन बाहेर आले. ‘‘हा घे तुझा नकाशा,’’ म्हणाले. ‘‘कडा उंदरांनी खाल्ल्यात बहुतेक. बघ जरा.’’

आता थोडा फ्लॅशबॅक. २००३ च्या दिवाळीत आमच्याकडे पेंटियम फोर आला. मी आठवीत. पुण्यातल्या एका दुकानातून मित्राच्या भावाने सीडी आणली. कसली ते विचारू नका, तेव्हा सगळ्यांच्याच घरी तसल्याच असायच्या. ओरिजिनल डब्यात बेटाचा मोठा कागदी नकाशा यायचा. आमच्या सीडीसोबत यायचा तो एक रबरबँड. आणि नकाशाशिवाय मॉरोविंड म्हणजे शुद्ध वेडेपणा, कारण त्या गेममध्ये कुठे जायचं ते दाखवणारा बाणच नाही. तुम्ही कैदी म्हणून जहाजातून सेडा नीन नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात उतरता, हातात एक पुडकं आणि एका माणसाचा पत्ता मिळतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

अप्पा भोरातल्या शाळेत भूगोल शिकवायचे. कॉम्प्युटरचा त्यांना मनापासून तिटकारा होता. पण आपला मुलगा एका बेटावर महिनाभर चुकतोय आणि त्याच्याकडे साधा नकाशा नाही, हे त्यांना सहन होईना. ते माझ्या मागे खुर्ची टाकून बसायला लागले. मी पावलं मोजायची, त्यांनी आलेखाच्या कागदावर उतरवायचं. सगळ्या खुणा टोपोशीटसारख्या: देवळाला देवळाची, विहिरीला विहिरीची. रेड माउंटन झाला ‘तांबडा डोंगर’. लाव्हा वाहून पडलेले कोरडे ओढे, ज्यांना गेममध्ये ‘फोयाडा’ म्हणतात, त्या झाल्या ‘घळी’. आणि सिल्ट स्ट्रायडर, म्हणजे माडाएवढ्या पायांचा तो किडा, ज्याच्या पाठीवर बसून पैसे देऊन या गावाहून त्या गावाला जाता येतं, त्याला ते सरळ ‘यष्टी’ म्हणत. बरोबरच होतं म्हणा. ठरलेली गावं, ठरलेला रूट, स्टँडवर उतरलं की पुढे चालत. अगदी आमची स्वारगेट-वेल्हे.

‘‘हा डोंगर शिकवायला बरा आहे,’’ ते म्हणायचे. मधोमध ज्वालामुखी, त्याच्यातून चहूकडे वाहिलेला लाव्हा, वर राख. मग माझी शिकवणी सुरू. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण आपल्याकडे असा शंकूसारखा डोंगर नाही. जमिनीच्या भेगांमधून लाव्हा आला, थरावर थर बसले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथे सपाट. म्हणून तर वर किल्ले बांधता आले. मी तोवर स्क्रीनवर कुठल्या तरी उंदराकडून मार खात असायचो.

वर लोडशेडिंग होतंच. वीज जायच्या वेळा अप्पांनी नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेल्या आहेत. शेजारी लिहिलंय: ‘आधी सेव्ह’.

मॉरोविंडमधले लोक पत्ता कसा सांगतात, माहितीये? तोंडी. मूनमॉथ किल्ल्यावरून पुढे जा, घळीवरचा जुना पूल ओलांड, मग वर चढ. डायरीतही तसंच उमटतं. तिथे जाऊन पाहावं तर दार बंद. ते उघडतं जवळच्या एका पाइपवरचं चाक फिरवल्यावर. अर्कंगथंड नावाच्या त्या पडक्या ठिकाणाबाहेर अप्पा आणि मी तीन संध्याकाळी घालवल्या. आजच्या भाषेत हा बॅड डिझाइन. पण वेल्ह्याकडे कधी कोणाला पत्ता विचारलाय? तोच फंडा.

दहावीचा निकाल लागला त्या पावसाळ्यात, २००६ मध्ये, अप्पांनी मला राजगड-तोरणा करायला नेलं. रात्री राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम, सकाळी संजीवनी माचीवरून तोरण्याकडे. धुकं असं, की पुढे चालणाऱ्या अप्पांची छत्रीसुद्धा दिसेना. निघताना देवळाजवळ एका म्हाताऱ्याने वाट सांगितली होती. ‘‘आळू दरवाजानं उतरा. खिंडीत रस्ता लागंल, तो वलांडा. मग धार धरा आन् धार सोडू नका. खाली जाणारी वाट कितीबी बरी दिसली तरी तिकडं वळायचं न्हाई. ती गुरांची.’’

बस. ना अंतर, ना दिशा. पण त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं, की आम्ही नेमके कुठे चुकणार. दोनदा खाली जाणारी वाट दिसली, दोन्ही वेळा मस्त रुळलेली, दोन्ही वेळा माझे पाय वळले. दोन्ही वेळा धुक्यातून अप्पांचा आवाज आला, ‘‘गुरांची.’’ दुपारी बुधला माचीवर पोचलो तेव्हाही दिसत काहीच नव्हतं, फक्त पायांना कळत होतं की चढ संपला.

तर असा तो नकाशा. आणि आता अप्पांना तो दिसत नाही.

त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेल्या चार वर्षांत झिजलाय. कडेचं दिसतं, समोरचं नाही. तुमच्याकडे पाहायचं असेल तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहतात. नव्या माणसाला वाटतं, मास्तर रागावलेत. पेपर गेला, पुस्तकं गेली, टीव्ही ते ऐकतात. सुरळी उलगडून त्यांनी मला विचारलं, ‘‘वर उजवीकडे तांबडी फुली आहे का? प्रश्नचिन्हासकट?’’ होती. ती फुली म्हणजे आमची अर्धी राहिलेली गोष्ट. एका गुहेचं दार आमच्याच्याने उघडलंच नाही, तेवढ्यात माझी दहावी लागली आणि पुढे तो पीसीही भंगारात गेला.

मग ठरलं. जूनपासून मी दर दुसऱ्या शनिवारी भोरला. मी चालवणार, डायरी मराठीत वाचून दाखवणार, अप्पा वाट सांगणार. वर्षभरात आईने मला एवढ्या वेळा घरी पाहिलं नसेल.

पहिल्या दिवशी मी ऐटीत माझे ७४ मॉड दाखवले. दाखवले म्हणजे सांगितले. जुन्या गेममध्ये थोड्या अंतरापलीकडे सगळं धुक्यात जायचं, कारण तेव्हाच्या मशिनला त्याहून लांबचं काढणं झेपत नव्हतं. आता धुकं काढून क्षितिजापर्यंत सगळं लख्ख. हवेत तरंगायचा मंत्र मारला आणि वर गेलो. आणि मला एकदम कसंतरीच झालं. ज्या गावाहून ज्या गावाला जायला आम्हाला आख्खी मे महिन्याची दुपार लागायची, ती दोन्ही एका नजरेत. तांबडा डोंगर हा असा पुढ्यात. हे बेट पुढे आलेल्या ऑब्लिव्हियन आणि स्कायरिमच्या नकाशांपेक्षा लहान आहे हे मी वाचलं होतं, पण एवढंसं? धुकं आणि आपली कासवाची चाल, या दोघांनी मिळून ते एवढं मोठं केलं होतं तर.

अप्पांना मी हे बोललो नाही.

तसे सगळेच मॉड काही वाईट नव्हते. क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी तुम्हाला दर दहा पावलांवर चावायला येतात. त्यांना शांत करणारा मॉड ज्याने लिहिला त्याचे पाय धुवायला हवेत. अप्पांना जास्त इंटरेस्ट त्या तॅम्रिएल रीबिल्टवाल्यांमध्ये. ‘‘पगार कोण देतं त्यांना?’’

‘‘कोणी नाही. फुकट करतात.’’

‘‘मग पुरं करतील,’’ ते म्हणाले. शिक्षक म्हणून पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा हा शेरा मी तसाच तुमच्यापुढे ठेवतो.

जुलैत माझी चोरी पकडली गेली. अर्कंगथंडमधून एक कोड्याची पेटी आणायची असते. ती एका बारक्या खोलीत फळीवर असते आणि कोणालाही सापडत नाही. अप्पा आठवून सांगत होते, उताराने खाली, मग डावीकडे; मी गुपचूप फोन काढला, नकाशा पाहिला आणि सरळ तिथे जाऊन पेटी उचलली. डायरी वाजते तेव्हा विशिष्ट आवाज येतो. अप्पा बोलता बोलता थांबले.

‘‘सापडली?’’

‘‘हो.’’

‘‘तुला ठाऊक होतं तर मला कशाला विचारत होतास?’’

रागाने नाही म्हणाले. कॅलेंडरकडे बघत म्हणाले, म्हणजे माझ्याकडे. त्या दिवशी पुढे खेळलो नाही.

स्कायरिम खेळलेल्यांना यात काय एवढं, असं वाटेल. २०११ च्या त्या गेममध्ये होकायंत्रावर बाणच आहे, आपण आपलं बाणामागे चालायचं. मीही शेकडो तास चाललोय. गंमत म्हणजे तिथे बाण बंद केला तर अनेकदा खेळताच येत नाही, कारण वाट कोणी सांगतच नाही. बाण आहे म्हटल्यावर लोकांच्या तोंडी पत्ते लिहिणार कोण? शेवटी चाहत्यांनी ‘इव्हन बेटर क्वेस्ट ऑब्जेक्टिव्ह्ज’ नावाचा मॉड काढला, जो डायरीत पुन्हा तोंडी पत्ते घालतो. अमक्या गावाच्या उत्तरेला, नदीपलीकडे वगैरे. म्हणजे अप्पांची पोस्ट भरायला माणसं लागलीच.

ऑगस्टमध्ये साखरच्या पुढे एका वस्तीवर अप्पांच्या जुन्या विद्यार्थ्याकडे सत्यनारायण होता. मी गाडी काढली. भोरहून कापूरहोळ, हायवेने नसरापूर, तिथून डावीकडे वेल्ह्याच्या रस्त्याला. कागदावर तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. अप्पा वेल्हेच म्हणतात. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून रविवारी इकडे गाड्यांची ही रांग. मार्गासनीला डावीकडे वळलो आणि थोड्या वेळाने फोनची रेंज गेली. बाण गेला.

‘‘काळजी करू नको,’’ अप्पा म्हणाले. ते एकदम खुशीत आले होते. ‘‘आता मोठी चिंच लागेल. चिंचेच्या अलीकडे उजव्या हाताला.’’

चिंच काही लागेना. मी पुढे गेलो, मागे आलो, परत पुढे गेलो. ‘‘चिंच आली का?’’ अप्पा दर मिनिटाला विचारत होते, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा लहान होत होता. शेवटी डोक्यावर इरलं घेतलेली एक मावशी दिसली, तिला विचारलं.

‘‘चिंच व्हय? ती गेली की रस्त्यात. दोन वर्सं झाली. ते काय, चिंचंपाशीच वळायचं.’’

आणि तिने हात केला तिकडे नुसता नवा काळा डांबरी रस्ता होता. आम्ही चिंचेपाशी वळलो.

परतताना राजगड पूर्ण ढगात होता. अप्पा बराच वेळ गप्प होते. नसरापूर जवळ आल्यावर म्हणाले, ‘‘तू त्या बेटावर काय काय बदललंस म्हणे. झाडं, दगड. खुणा हलल्या असतील का रे?’’

मी म्हणालो, ‘‘नाही हो.’’ आणि मग आठवलं, की हलल्या आहेत. झाडांच्या एका मॉडने शेकडो झाडं नवी लावली होती, दुसऱ्याने दगडांचे आकार बदलले होते, तिसऱ्याने बालमोराच्या वेशीबाहेर एक देखणी वस्ती उभी केली होती, जिथे अप्पांच्या नकाशात मोकळं रान आहे. त्या रात्री मी पुन्हा अडीचपर्यंत जागलो. या वेळी काढायला. ७४ चे ९ राहिले: गेम क्रॅश होऊ नये म्हणून लागणारे, क्लिफ रेसरवाला आणि रंग जरा गडद करणारे दोन-तीन, म्हणजे कडेच्या नजरेला डोंगर कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळावं. अक्षरं सेटिंगमधून मोठी केली. लांबचं दिसण्याचा कंट्रोल शून्याकडे ओढत आणला, जुनं धुकं येईपर्यंत. सकाळी अप्पांना सांगितलं, ‘‘सगळं जागच्या जागी आहे.’’

परवाच्या शनिवारी आम्ही त्या फुलीपाशी पोचलो. (ज्यांना हा गेम खेळायचाय त्यांनी इथून पुढे वाचू नये. वीस वर्षांहून जुन्या गुपिताचं स्पॉयलर द्यायला मला लाज वाटत नाही, पण तरी.) त्या गुहेचा पत्ता म्हणजे एक कोडं आहे. त्यात सुईच्या भोकाचा उल्लेख येतो. ‘‘नेढं,’’ अप्पा ताबडतोब म्हणाले. ‘‘सुवेळा माचीवरचं आपलं. म्हणजे उंच, सुटा खडक शोध, आणि वाऱ्याची जागा.’’ राजगडाच्या त्या नेढ्यात बसून वारं खाल्लेल्यांना हे वेगळं सांगायला नको. २००५ मध्येही त्यांनी हेच सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. खडक सापडला होता, दार सापडलं होतं. दार उघडत नव्हतं, एवढंच.

मी कोडं पुन्हा वाचलं, हळूहळू, मराठीत. शेवटी किल्लीच्या जागी एक तारा येतो. मी फोनला हात लावला नाही, शपथ. अप्पा डोळे मिटून बसले होते. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

‘‘कुठला तारा, असं नाही दिलेलं?’’

‘‘नाही.’’

‘‘लोक ज्याला तारा म्हणतात आणि जो तारा नसतो, तो कुठला?’’

मी आठवीतल्यासारखा गप्प.

‘‘अरे शुक्र! शुक्राची चांदणी. भर रात्री नाही दिसत ती. पहाटे दिसते, नाहीतर तिन्हीसांजेला. आपण गेलो होतो केव्हा? दर वेळी दुपारी, वीज असायची तेव्हा. किती वाजलेत?’’

‘‘आत्ता? साडेनऊ.’’

‘‘इथले नाही. बेटावरचे.’’

मी पाहिलं. पहाटेचे चार. गेममध्ये थांबायचं एक बटण असतं, ते दाबलं की तास झटक्यात पुढे सरकतात. माझं बोट त्याच्यावरच होतं.

‘‘बटण नको,’’ अप्पा म्हणाले. ‘‘एक तास म्हणजे आपली किती मिनिटं होतात?’’

‘‘दोन.’’

‘‘म्हणजे सहाला चार मिनिटं आहेत.’’ त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं, म्हणजे स्क्रीनकडे. ‘‘आईला म्हणावं चहा टाक. आणि आधी सेव्ह कर, पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही.’’